चुळबुळ्या नागरिकाचे छायाचित्र

चंडीगडच्या सेक्टर १ मध्ये शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी कॅपिटल कॉम्प्लेक्स उभे आहे. सुमारे अडीचशे मीटर लांबीचे सचिवालय, १९५५ साली सुरू झालेली उच्च न्यायालयाची इमारत, १९६२ साली पूर्ण झालेले विधानसभागृह आणि या सर्वांना जोडणारे काँक्रीटचे विस्तीर्ण पटांगण असा हा परिसर आहे. राज्यसंस्थेची तिन्ही अंगे एका नजरेच्या टप्प्यात आणणारी अशी रचना आपल्या देशात क्वचितच आढळते. २०१६ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. आज ती पाहायची तर ओळखपत्र दाखवावे लागते. परदेशी पाहुण्याला पासपोर्ट काढावा लागतो.

ल कार्बुझिए या वास्तुशिल्पीने या इमारतींची प्रमाणे ठरविताना स्वतः तयार केलेली 'मोड्युलर' नावाची मापपद्धती वापरली. तिच्या केंद्रस्थानी १८३ सेंटिमीटर उंचीचा, हात वर केल्यावर २२६ सेंटिमीटरपर्यंत पोचणारा एक धडधाकट प्रौढ पुरुष आहे. आरंभी ही उंची १७५ सेंटिमीटर धरली होती. पुढे ती सहा फूट करण्यात आली. इंग्रजी गुप्तहेरकथांतला पोलीस शिपाई नेहमी तेवढाच उंच असतो, हे कारण खुद्द कार्बुझिएने नोंदविले आहे. या मापात दोन वर्षांचे मूल कोठेही बसत नाही. त्यात वास्तुशिल्पीचा विशेष दोष नाही. राज्यकारभाराची बहुतेक मापे प्रौढ माणूस गृहीत धरूनच घेतलेली असतात. तो रांगेत उभा राहतो, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, सही करतो आणि सांगितले की कॅमेऱ्याकडे पाहून स्थिर बसतो.

दोन वर्षांचे मूल यांपैकी काहीही करीत नाही. तरीही त्याला परदेशी जायचे असेल तर त्याचा स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि त्या पासपोर्टावर त्याचेच छायाचित्र लागते. नियम सर्वांना ठाऊक आहेत. पार्श्वभूमी पांढरी, चेहरा समोर, डोळे उघडे, तोंड मिटलेले, डोक्यावर टोपडे नाही, चौकटीत दुसऱ्या कोणाचा हात नाही. हा लेख वाचणाऱ्या परदेशस्थ मराठी आईवडिलांपैकी अनेकांनी या एका छायाचित्रासाठी अर्धा दिवस खर्च केला असेल. एकाने खुळखुळा वाजवायचा, दुसऱ्याने मागून धरायचे, आणि नेमक्या क्षणी मुलाने मान फिरवायची किंवा बोळके पसरून हसायचे. आजीने दृष्ट लागू नये म्हणून गालावर लावलेली काजळाची तीटसुद्धा येथे अडचणीची ठरते, कारण यंत्राच्या दृष्टीने ती चेहऱ्यावरची खूण असते.

हा प्रसंग विनोदी आहे खरा. पण त्यामागचा प्रश्न प्रशासनाच्या अभ्यासकाने गंभीरपणे घ्यावा असा आहे. जे मूल एकटे कोठेही जाऊ शकत नाही, त्याचा स्वतंत्र चेहरा राज्याला कशासाठी हवा असतो? आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ तो नको होता, तो का?

प्रथम छायाचित्राविषयी. मुलाला स्थिर ठेवण्याची अडचण छायाचित्रकलेइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात एका चित्रासाठी कित्येक सेकंद हालचाल न करता बसावे लागे. त्या काळी युरोप-अमेरिकेतील छायाचित्रकार आईला खुर्चीत बसवीत, तिच्या अंगावरून डोक्यासकट कापड टाकीत आणि मुलाला तिच्या मांडीवर ठेवीत. चित्रात मूल दिसे. आई मात्र पडद्याची किंवा खुर्चीची घडी वाटे. अशी शेकडो चित्रे आज संग्रहालयांत आहेत आणि अभ्यासक त्यांना 'लपलेल्या मातांची चित्रे' म्हणतात. आज आपल्याकडच्या स्टुडिओत पांढऱ्या चादरीआडून आईचे हात बाळाला सावरतात, ते त्याच युक्तीचे वंशज आहेत. कॅमेऱ्याचा वेग हजारपट वाढला, पण मुलाचा स्वभाव बदलला नाही.

पासपोर्टावर छायाचित्र आले ते मात्र मुलांसाठी नव्हे, हेरांसाठी. पहिल्या महायुद्धापूर्वी पासपोर्ट हा बहुधा शिफारसपत्रासारखा कागद असे. त्यावर चेहरा नसे. १९१४ साली युद्ध सुरू झाल्यावर कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर एका अमेरिकी प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये वावरला. कागद अस्सल होता, माणूस दुसरा होता, आणि त्यावर छायाचित्र नसल्यामुळे तो फरक कळण्यास मार्ग नव्हता. लोडी पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेने पासपोर्टावर छायाचित्र सक्तीचे केले आणि त्या सुमारास ब्रिटननेही तेच केले. हिंदुस्थानात १९१७ च्या युद्धकालीन नियमांनी समुद्रमार्गे होणाऱ्या प्रवासाला पासपोर्टची अट आली आणि १९२० साली पासपोर्ट कायदा झाला. युद्ध संपले, तरी युद्धासाठी आणलेली व्यवस्था गेली नाही. प्रशासनाच्या इतिहासात याची उदाहरणे विपुल आहेत.

१९२० च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिसला परिषद भरली आणि पासपोर्टचा एक आंतरराष्ट्रीय नमुना ठरला. तो बत्तीस पानांचा होता. त्यात धारकाचे छायाचित्र होते, पत्नी सोबत असल्यास तिच्यासाठी जागा होती, आणि मुलांसाठी होता फक्त एक तक्ता: नाव, वय, मुलगा की मुलगी. आपल्याकडेही पुढील अनेक दशके हीच रीत चालली. वडिलांच्या किंवा आईच्या पासपोर्टात मुलाचे नाव चढविले की काम भागे. काही देशांत तर आई आणि तिच्याभोवती जमलेली मुले असे एकत्र कौटुंबिक छायाचित्र डकविलेले पासपोर्ट निघत. मूल हे सोबतच्या सामानासारखे नोंदविले जाई, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. पण तक्त्याची रचना तेच सांगते.

तेव्हा चेहरा मागण्याबाबतची सरकारची भूमिका सर्वांसाठी सारखी नव्हती, हेही येथे नोंदवावे. हिंदुस्थानात पडदानशीन स्त्रियांना छायाचित्राच्या अटीतून सवलत दिली जात असे. हैदराबाद संस्थानात राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता, त्यामागेही हाच सामाजिक संकोच होता. म्हणजे राज्यासमोर चेहरा ठेवावा अशी अपेक्षा प्रथम प्रवासी पुरुषाकडून झाली, मग स्त्रीकडून, आणि सर्वांत शेवटी मुलाकडून. हा क्रम ध्यानात ठेवला तर पुढील इतिहास समजण्यास सोपा जातो. ज्याला स्वतंत्र व्यक्ती मानायचे, त्याचाच चेहरा मागितला जातो.

आता पुन्हा चंडीगडकडे येऊ. हे शहर मुळात एका सरहद्दीमुळे जन्मले. १९४७ च्या फाळणीत पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. पूर्व पंजाबचा कारभार सिमल्याहून चालू लागला आणि नव्या राजधानीसाठी अंबाला जिल्ह्यातली जागा निवडण्यात आली. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी नव्या राजधानीचे उद्घाटन केले. कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये फाळणीतील हुतात्म्यांच्या स्मारकालाही जागा दिलेली आहे. ज्या प्रदेशाची ही राजधानी, तेथेच काही वर्षे आधी कागदपत्रांवाचून हरवलेल्या मुलांचा प्रश्न भीषण स्वरूपात उभा राहिला होता.

फाळणीच्या धामधुमीत पळविल्या गेलेल्या स्त्रिया आणि मुले परत मिळविण्यासाठी दोन्ही देशांनी डिसेंबर १९४७ मध्ये करार केला आणि भारताने १९४९ साली त्यासाठी कायदा केला. त्या कायद्यातील 'अपहृत व्यक्ती'ची व्याख्या वाचण्याजोगी आहे. सोळा वर्षांखालील मुलगा, कोणत्याही वयाची स्त्री, आणि १ मार्च १९४७ नंतर अशा स्त्रीला झालेले मूल. मुलाची ओळख म्हणजे ते कोणाचे आहे एवढेच. ज्याने दावा केला त्याचे, ज्याच्या ताब्यात सापडले त्याचे, किंवा कायद्याने ज्या देशाचे ठरविले त्या देशाचे. जन्मदाखला नाही, छायाचित्र नाही, आणि जे मूल बोलूच शकत नाही त्याची साक्षही नाही. अनेक आयांना मूल मागे ठेवून सरहद्द ओलांडावी लागली, ही त्या मोहिमेची सर्वांत दुःखद बाजू अभ्यासकांनी पुढे आणली आहे. मुलाला स्वतःची नोंद नसली म्हणजे काय होते, हे पंजाबइतके कोणत्या प्रांताने पाहिले असेल?

या सरहद्दीवर १९४८ च्या जुलैत परवाना पद्धत आली आणि ऑक्टोबर १९५२ पासून भारत-पाकिस्तान प्रवासाला पासपोर्ट व व्हिसा लागू झाला. सामान्य माणसाच्या आयुष्यात पासपोर्ट आला तो विलायतेच्या बोटीमुळे कमी आणि या जमिनीवरच्या रेषेमुळे अधिक. १९५४ पर्यंत पासपोर्ट राज्य सरकारांमार्फत दिले जात. त्या वर्षी मुंबई, कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि नागपूर अशी पहिली पाच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये निघाली. त्या पाचांत नागपूरचे नाव पाहून मराठी वाचकास थोडे कौतुक वाटावे. चंडीगडचे कार्यालय पुढे निघाले आणि परदेशगमनाची मोठी परंपरा असलेल्या पंजाब-हरियाणाच्या भागांमुळे ते देशातील गजबजलेल्या कार्यालयांपैकी एक बनले.

तोपर्यंत पासपोर्ट देणे ही सरकारची मर्जी समजली जाई. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात निर्णय दिला की परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय तो नाकारता येणार नाही. परिणामी त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की नाकारण्याची पद्धतही न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. या निर्णयांनी पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क बनला. मग ओघानेच प्रश्न आला: मूल हे नागरिक आहे की नाही? असेल तर त्याचा हक्क दुसऱ्याच्या पासपोर्टातील एका ओळीत का मावावा?

याचे उत्तर तत्त्वज्ञानाने जितके दिले, तितकेच यंत्रानेही दिले, हे मान्य केले पाहिजे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० साली यंत्राने वाचता येणाऱ्या पासपोर्टची मानके प्रसिद्ध केली. यंत्राला एका पानावर एकच माणूस समजतो. शेवटी पेनाने लिहिलेली मुलांची यादी त्याला वाचता येत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर होते. आईच्या पासपोर्टात 'एक मुलगा, वय दोन' एवढीच नोंद असेल, तर सोबतचे मूल तेच आहे हे सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याने कशावरून ओळखावे? मुलांचा व्यापार करणाऱ्यांना आणि भांडणाऱ्या पालकांपैकी एकाला ती ओळ फार सोयीची होती. म्हणून 'एक व्यक्ती, एक पासपोर्ट' हे सूत्र पुढे आले. ब्रिटनने ऑक्टोबर १९९८ पासून नव्याने जाणाऱ्या मुलांना स्वतंत्र पासपोर्ट सक्तीचा केला. युरोपीय संघात पालकांच्या पासपोर्टातील मुलांच्या नोंदी जून २०१२ मध्ये निरर्थक ठरल्या. भारतातही ही रीत मागे पडून प्रत्येक बालकाला स्वतःचे पुस्तक मिळू लागले.

२०१० साली भारताने पासपोर्ट सेवा प्रकल्प सुरू केला. त्याचा पहिला प्रयोग बंगळूर आणि चंडीगड या दोन कार्यालयांच्या क्षेत्रांत झाला. तोपर्यंत अर्जदार घरून छायाचित्रे आणून अर्जावर डकवीत असे. आता केंद्रातल्या खिडकीवरच कॅमेरा आला. अर्जदार समोर बसतो, कर्मचारी कळ दाबतो आणि चित्र थेट संगणकात जाते. बनावट छायाचित्रांना आळा बसला. पण या नव्या व्यवस्थेतही एक अपवाद ठेवावा लागला. चार वर्षांखालील मुलाचे छायाचित्र पालकांनी साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर आकारात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढून सोबत आणावे. कोट्यवधी अर्जदारांना शिस्तीत बसविणाऱ्या यंत्रणेने दोन वर्षांच्या मुलापुढे हात टेकले, असा याचा अर्थ होतो. मला हा अपवाद प्रशासनाच्या शहाणपणाचा नमुना वाटतो. जे साधणार नाही त्याची सक्ती न करता, जिथे ते साधेल तिथे, म्हणजे घरी, ते काम सोपवून नियम मोकळा झाला.

इतर देशांनीही अशीच माघार घेतली आहे. ब्रिटनमध्ये सहा वर्षांखालील मुलाने सरळ कॅमेऱ्याकडे पाहावे किंवा चेहरा निर्विकार ठेवावा अशी सक्ती नाही. एक वर्षाखालील बाळाचे डोळे मिटलेले असले तरी चालतात, आणि मागून दिलेला हाताचा आधार चित्रात दिसला नाही म्हणजे झाले. अमेरिकेत तान्ह्या बाळाचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी हरकत घेत नाहीत. पांढऱ्या चादरीवर निजवून किंवा गाडीतील बाळखुर्चीवर पांढरे कापड टाकून चित्र काढण्याची सूचना सरकारच देते. कार्बुझिएच्या सहा फुटी माणसाला जी सवलत मिळत नाही, ती या नागरिकाला मिळते.

मूल स्वतंत्र पासपोर्टधारक झाले, तरी त्याचे संरक्षण पुरे झाले काय? हा प्रश्न पुन्हा कॅपिटल कॉम्प्लेक्सच्याच एका इमारतीत विचारला गेला. परदेशात संसार मोडल्यावर एका पालकाने मुलाला घेऊन मायदेशी निघून यावे आणि दुसऱ्याने तेथील न्यायालयाचा आदेश हाती घेऊन मागे धावावे, अशी प्रकरणे अनिवासी भारतीयांत नवी नाहीत. मुलांना अशा रीतीने देशाबाहेर नेण्याविरुद्ध १९८० साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला; भारताने त्यावर अद्याप सही केलेली नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात हा विषय विधी आयोगाकडे विचारार्थ पाठविला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयोगाचा २६३ वा अहवाल आला आणि त्यात कायद्याचा मसुदाही होता. पुढे २०१७ मध्ये केंद्राने याच उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०१८ साली अहवाल दिला. कायदा मात्र झाला नाही.

करारावर सही न करण्यामागे भारताचा एक युक्तिवाद आहे आणि तो टाकाऊ नाही. परतणाऱ्यांत छळाला कंटाळून माहेरी येणाऱ्या स्त्रिया असतात. मूल यांत्रिकपणे परत पाठवायचे तर आईपुढे मूल सोडणे किंवा पुन्हा त्याच घरात जाणे एवढेच मार्ग उरतात. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी कुटुंबाच्या खटल्यात हा तोल दाखवून दिला. अमेरिकेत जन्मलेले मूल तान्हे असतानाच आईजवळ वेगळे राहू लागले आणि पुढे तिच्यासोबत भारतात आले. तेथील न्यायालयाचा आदेश वडिलांच्या बाजूने होता. तो आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक आहे, निर्णायक ठरेल ते मुलाचे हित, असे न्यायालयाने सांगितले आणि ताबा आईकडे ठेवला. त्या निर्णयाचा दाखला आजही जवळजवळ प्रत्येक अशा खटल्यात दिला जातो.

ज्या देशात असा करार लागू नाही, तेथे खटल्याआधीची तटबंदी महत्त्वाची ठरते, आणि ती तटबंदी म्हणजे पासपोर्ट. अमेरिकेने २००१ पासून लहान मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती आवश्यक केली. आज सोळा वर्षांखालील मुलांना ही अट लागू आहे. भारतातही अल्पवयीनाच्या अर्जासोबत पालकांचे संमतिपत्र लागते. दोघांची संमती मिळणे शक्य नसेल तर एका पालकाने कारण सांगून वेगळे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. येथे नियमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दोन सह्यांचा आग्रह मुलाला पळवून नेण्यापासून वाचवितो. पण जिचा नवरा सोडून गेला आहे, त्या आईच्या मार्गात तोच आग्रह भिंत बनून उभा राहतो. २०१६ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने एकट्या आईच्या मुलीला वडिलांच्या नावाशिवाय पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी डिसेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने नियम बदलून अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरेसे केले. १९२० च्या तक्त्यात मूल वडिलांच्या नावाखालची ओळ होते. आता वडिलांचे नाव हा मुलाच्या अर्जातला ऐच्छिक रकाना झाला. एका शतकात झालेला हा उलटा प्रवास आहे.

हे सर्व मान्य करूनही एक शंका उरते. मुलाच्या छायाचित्रावर किती भिस्त ठेवावी? एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आल्फाँस बर्तियाँने शरीराच्या मापांवरून माणूस ओळखण्याची पद्धत काढली, पण ती वाढ पूर्ण झालेल्या हाडांवर आधारलेली असल्याने मुलांच्या बाबतीत निरुपयोगी होती. आजच्या यंत्रांचीही गत थोडीफार तीच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या चाचण्यांत, चेहरा ओळखणारी यंत्रे लहान मुलांच्या बाबतीत अधिक चुका करतात असे आढळले. आपल्याकडे जावळ काढले की मूल आजोळच्यांनाही चटकन ओळखू येत नाही. मग यंत्राला दोष काय द्यावा? राज्यालाही हे ठाऊक आहे. म्हणून भारतात लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि पाच वर्षांखालील मुलाच्या आधार नोंदणीत बोटांचे ठसे घेत नाहीत. छायाचित्र घेऊन ते पालकांच्या आधारशी जोडतात. ओळख स्वतंत्र, पण तिचा आधार अजून पालकच.

परदेशस्थ वाचकांना या इतिहासाचा व्यवहारात उपयोग होतो. आखाती देशात भारतीय पालकांना झालेल्या बाळाची नोंद आपल्या दूतावासात एका वर्षाच्या आत करावी लागते, आणि पासपोर्टावाचून ते बाळ मायदेशी येऊ शकत नाही. त्यामुळे कित्येक मराठी मुलांचे पहिले सरकारी छायाचित्र बारशाच्या आसपासच निघते. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला आधी तेथील पासपोर्ट आणि मग ओसीआय कार्ड, अशी दोन देशांची दोन छायाचित्रे लागतात. अमेरिकी पासपोर्टला दोन इंच चौरस चित्र चालते, भारतीय मापे निराळी. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतीय दूतावासांनी पासपोर्ट अर्जासाठी आंतरराष्ट्रीय मानकांनुसारच छायाचित्र हवे, असे ठरविले आहे. ओसीआय कार्ड मात्र २०२१ च्या बदलानंतर विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टसोबत पुन्हा काढावे लागत नाही. नवा पासपोर्ट आणि नवे छायाचित्र संकेतस्थळावर चढविले की पुरते.

छायाचित्र काढण्याची रीत म्हणाल तर तीत गूढ काही नाही. मूल पोटभर जेवून, झोप काढून उठलेले असावे. खिडकीसमोर, ऊन थेट अंगावर येणार नाही अशा जागी, जमिनीवर पांढरी चादर अंथरून त्यावर निजवावे किंवा मागे चादर धरून बसवावे. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. कॅमेऱ्याच्या अगदी वर एखादी ओळखीची वस्तू किंवा ओळखीचा चेहरा असावा, म्हणजे नजर सरळ येते. एकामागून एक पंचवीस-तीस चित्रे काढावीत आणि त्यांतून एक निवडावे. पांढऱ्यावर पांढरे अंगडे घालू नये, काजळ आणि तीट तेवढ्यापुरती पुसावी, आणि चित्रात यंत्राच्या मदतीने नाक-डोळ्यांना हात लावू नये. मूल कंटाळले तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे. रडून सुजलेला चेहरा त्या पासपोर्टात पाच वर्षे राहतो.

अशा वेळी त्रासून 'एवढ्याशा पोराला कशाला हवा फोटो' असे कोणाच्याही तोंडून निघेल. त्याला उत्तर हे की ज्या काळी मुलाला फोटो नव्हता, त्या काळी त्याला स्वतःचे नावही केवळ दुसऱ्याच्या कागदावर होते, आणि सरहद्दीवर ते कोणाच्या हाती लागले यावर त्याचे आयुष्य ठरत होते. पंजाबने ते पाहिले आहे. आज चौकटीत एकट्याने दिसणारे ते मूल, मागच्या चादरीआड कोणाचे हात असले तरी, राज्याच्या दप्तरी प्रथमच स्वतःच्या नावाने हजर होत असते. त्याच्यासाठी नियमाने थोडे वाकावे, डोळे अर्धे मिटलेले चालवून घ्यावेत, खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने दोन मिनिटे अधिक द्यावीत. सहा फुटी माणसासाठी बांधलेल्या इमारतीत अडीच फुटी नागरिकाला सामावून घेणे ही कारभाराची साधीशी कसोटी आहे, आणि ती रोज कोठल्या ना कोठल्या खिडकीवर घेतली जात असते.